युद्ध कोठें फिरलें? रणांत कीं कोठारांत?

पानिपतची लढाई आपण १४ जानेवारी १७६१ रोजीं हरलों असें शाळेंतील मूल सांगतें. आणि त्या दिवशीं विश्वासरावांस गोळी लागली तेथें लढाई फिरली असें बखरकार सांगतात. दोन्ही विधानें आपापल्या परी खरीं आहेत. तथापि ज्यानें त्या मोहिमेचा हिशेब एकदां तरी कागदावर मांडून पाहिला आहे, त्याला लढाई फिरल्याचा दिवस कांहीं आठवडे आधींच सांपडतो. डिसेंबर १७६० मध्यें रसद व पैका गोळा करणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, भाऊसाहेबांच्या छावणीकडे येणारी धान्याची वाट तुटली, आणि पुढें रणांत जें घडलें तें उपाशी माणसांनीं व उपाशी घोड्यांनीं घडविलें. विश्वासरावांस लागलेली गोळी हें निमित्त झालें. कारण अगोदरच छावणींतल्या विझलेल्या चुलींशीं येऊन बसलें होतें.

कारण आणि निमित्त यांतील हा भेद कायद्याच्या विद्यार्थ्यास आरंभींच पढवितात. इतिहास लिहिणारे तो पाळतातच असें नाहीं. दुसरें महायुद्ध १९४५ सालीं संपलें, त्यास आतां ऐंशी वर्षें उलटून गेलीं. तरी त्या युद्धाच्या कलाटण्यांची जी यादी सांगण्याचा परिपाठ आहे ती अद्याप बखरकारांच्याच वळणाची आहे. मॉस्को, मिडवे, एल अलामेन, स्टालिनग्राड, कुर्स्क, नॉर्मंडी अशीं नांवें ओळीनें म्हणावयाचीं, प्रत्येकापुढें एकेका सेनापतीचें नांव लिहावयाचें, कीं उत्तरपत्रिका पुरी झाली! ही यादी खोटी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. ती कोणत्या कसोटीवर उतरते, आणि त्याच कसोटीवर तींत आणखी कोणतीं नांवें यावयास हवीं होतीं, एवढेंच आम्हांस आज विचारावयाचें आहे.

कसोटी आमची साधी आहे. ज्या लढाईंत हरणाऱ्याचें असें कांहीं गेलें कीं तें त्यास पुन्हां भरून काढतां आलें नाहीं, ती कलाटणीची लढाई. बाकीच्या कितीही मोठ्या असल्या तरी नुसत्या मोठ्या लढाया. १९४० च्या उन्हाळ्यांत फ्रान्स सहा आठवड्यांत कोसळला आणि साऱ्या जगास वाटलें कीं युद्धाचा निकाल लागला. निकाल लागला नव्हता. कारण इंग्लंडचीं जहाजें चालूं होतीं आणि जहाजांतून धान्य, पोलाद व तेल येत होतें. १९४१ च्या डिसेंबरांत मॉस्कोच्या वेशीवर जर्मन फौज थांबली आणि मागें रेटली गेली, तेव्हां मात्र हिटलरची एक गोष्ट कायमची हरवली. ती म्हणजे वेळ. एका हंगामांत रशिया संपवावयाचा या हिशेबावर त्यानें हिंवाळ्याचे कपडेसुद्धां पुरेसे बांधून घेतले नव्हते. त्याच महिन्यांत ७ तारखेस जपाननें पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि ११ तारखेस हिटलरनें आपण होऊन अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलें. जगांतील सर्वांत मोठें कोठार त्यानें स्वतःच्या हातानें शत्रूच्या पदरांत टाकलें.

आतां स्टालिनग्राड घ्या. १९४२ च्या उन्हाळ्यांत जर्मन फौजा दक्षिण रशियांत घुसल्या त्या मुख्यतः तेलासाठीं. कॉकेशसमधील मायकोप, ग्रोझ्नी व बाकू येथील विहिरी मिळाल्यावांचून पुढचें युद्ध रेटणें कठीण, हें बर्लिनला कळत होतें. ऑगस्टमध्यें मायकोप हातीं आलें. पण रशियनांनीं तेथील विहिरी आधींच निकामी करून ठेविल्या होत्या. ग्रोझ्नी आणि बाकू हातीं आलींच नाहींत. इकडे व्होल्गेच्या कांठीं एकेका गल्लीसाठीं, कारखान्याच्या एकेका भिंतीसाठीं, आणि वाचकांस नवल वाटेल, पण धान्याच्या एका उंच कोठारासाठीं सुद्धां, जर्मनांची सहावी फौज झिजत राहिली. १९ नोव्हेंबर १९४२ पासून रशियनांनीं घाव घातला तो शहरावर नव्हे. शहराच्या दोन्ही बगलांवर रुमानियाचे तुटपुंज्या साधनांचे सैनिक उभे केलेले होते, तेथें तो पडला. चार-पांच दिवसांत वेढा पुरा झाला आणि अडीच लाखांच्या आसपास माणसें आंत कोंडलीं गेलीं.

गोरिंगनें वचन दिलें कीं विमानांनीं रसद पोंचवितों. रोज किमान ३०० टनांची गरज होती. प्रत्यक्षांत सरासरी शंभर टनांच्या आसपास माल पोंचला. फौजेनें आपले घोडे खाल्ले, ते संपल्यावर भाकरीचा तुकडा दिवसेंदिवस लहान होत गेला. ३१ जानेवारी १९४३ रोजीं सेनापति पाउलुस शरण गेला, उरलेले २ फेब्रुवारीस गेले. सुमारें ९१ हजार कैद झाले. त्यांतील पांच-सहा हजारच पुढें कधीं तरी स्वदेशीं परतले. रशियनांचें मोल तर याहून भयंकर होतें. मेलेले, बेपत्ता व जखमी मिळून त्यांचीं अकरा लाखांवर माणसें या एका लढाईंत खर्चीं पडलीं. त्यांच्या शौर्यास आम्ही मनःपूर्वक नमस्कार करतों. पण शौर्यानें जी लढाई लांबविली तिचा निकाल वेढ्यांतल्या भाकरीनें लावला, हें सांगितल्यानें त्या शौर्यास उणेपणा येत नाहीं.

मिडवेची गोष्ट वरवर पाहतां अगदीं निराळी. ४ जून १९४२ रोजीं सकाळीं अवघ्या कांहीं मिनिटांत अमेरिकी विमानांनीं जपानचीं तीन विमानवाहू जहाजें पेटविलीं, आणि चौथेंही त्याच दिवशीं कामास मुकलें. अमेरिकेचें एक बुडालें. जपानी सांकेतिक लिपीचा उलगडा अमेरिकनांस झाला होता हें या विजयाचें एक अंग. ज्या ठिकाणावर हल्ला व्हावयाचा त्याचें सांकेतिक नांव मिडवेचेंच आहे कीं नाहीं हें ताडून पाहण्यासाठीं, ‘मिडवेवर गोड्या पाण्याचा तोटा पडला आहे’ अशी खोटी बातमी त्यांनीं उघड्या भाषेंत धाडली, आणि जपान्यांनीं ती भाबडेपणानें आपल्या सांकेतिक लिपींत पुढें कळविली! पण चार जहाजें गेल्यानें एखादें सागरी राष्ट्र संपत नाहीं. जपानची खरी हानि पुढच्या तीन वर्षांत दिसली. अमेरिकेच्या गोद्यांतून त्या काळांत डझनाहून अधिक मोठीं विमानवाहू जहाजें बाहेर पडलीं, आणि जपानच्या गोद्यांना त्या वेगाची निम्मी बरोबरीही साधली नाहीं. मुळांत जपान या युद्धांत उतरला तोच १९४१ मध्यें अमेरिकेनें त्याचें तेल तोडल्यावर. तेलासाठीं ज्यानें तरवार उपसली त्याची तरवार शेवटीं तेलावांचूनच म्यानांत गेली.

एल अलामेनच्या वाळवंटांत २३ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर १९४२ या दिवसांत माँटगोमेरीनें रोमेलचा पराभव केला. त्या रणांत आमची चौथी हिंदी डिव्हिजनही उभी होती. रोमेलच्या रणगाड्यांस तेल आणणारीं जहाजें भूमध्य समुद्रांतच बुडविलीं जात होतीं, हें सांगितलें म्हणजे पुरे. आणि ज्या लढाईचें नांव यादींत हटकून गाळलें जातें ती अटलांटिक महासागराची. १९४३ च्या एकट्या मे महिन्यांत जर्मनीच्या ४१ पाणबुड्या बुडाल्या, आणि त्यांचा सेनापति डोनिट्झ यानें उत्तर अटलांटिकांतून आपले कळप मागें घेतले. त्या दिवसापासून अमेरिकेचा माल इंग्लंडास बिनघोर पोंचूं लागला. समुद्राच्या पाठीवर स्मारक उभें करतां येत नाहीं, म्हणूनच कीं काय, ही लढाई लोकांच्या डोळ्यांसमोर राहिली नाहीं! कुर्स्क व नॉर्मंडी यांविषयीं आम्ही लांबण लावीत नाहीं. ६ जून १९४४ रोजीं नॉर्मंडीच्या वाळूवर जी फौज उतरली ती अटलांटिक मोकळा झाल्यावांचून इंग्लंडांत जमलीच नसती. आणि त्याच महिन्यांत २२ तारखेस रशियनांनीं बेलोरशियांत आरंभिलेल्या चढाईंत जर्मनांची मधली आघाडीच्या आघाडी नाहींशी झाली, तिचें नांव तर आमच्याकडे फारसें कोणी घेतही नाहीं.

हें झालें परक्यांचें कोठार. आतां आमच्या घरचा हिशेब.

३ सप्टेंबर १९३९ रोजीं व्हाइसरॉय लिनलिथगो यांनीं हिंदुस्थान युद्धांत असल्याचें जाहीर केलें. मध्यवर्ती कायदेमंडळास विचारलें नाहीं, प्रांतिक मंत्रिमंडळांस विचारलें नाहीं, लोकांस तर नाहींच नाहीं. मुंबई इलाख्याच्या खेर मंत्रिमंडळासह काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनीं राजीनामे दिले ते याच कारणासाठीं. त्या वेळच्या कायद्याप्रमाणें व्हाइसरॉयांस तो अधिकार होता काय? होता. वकील या नात्यानें आम्ही तें नाकबूल करीत नाहीं. पण ज्याच्या घरांतून दाणा काढावयाचा त्याची संमति लागत नाहीं असें ज्या कायद्यांत लिहिलें आहे, तो कायदाच त्या खटल्यांतला पहिला आरोपी होय. हिंदी सैन्य वाढत वाढत पंचवीस लाखांवर गेलें. सक्ती नव्हती, सर्व स्वखुशीनें भरती झाले, असें मोठ्या अभिमानानें सांगितलें जातें. झाले खरे, पण दुष्काळी मुलखांत पलटणीच्या पगारानें घरची चूल पेटते, तेव्हां त्या खुशींत पोटाचा हुकूम किती आणि मनाचा किती, हें निवडणें सोपें नाहीं. त्यांतले सुमारें ८७ हजार परत आले नाहींत.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजीं सिंगापूर पडलें, ८ मार्चला रंगून पडलें. इंग्रजी इतिहासांत या साम्राज्याच्या मानहानीच्या तारखा आहेत. आमच्या इतिहासांत त्यांपैकीं दुसरी ही तांदळाची तारीख आहे. कारण ब्रह्मदेशाचा तांदूळ त्या दिवसापासून बंद झाला. जपानी येतील तर त्यांना कांहीं मिळूं नये म्हणून सरकारनें बंगालच्या किनाऱ्यावरील तांदूळ हलविला आणि हजारों होड्या काढून नेल्या अथवा मोडल्या. नद्यांच्या त्या मुलखांत होडी म्हणजे कोळ्याचें जाळें, शेतकऱ्याची गाडी आणि बाजाराचा रस्ता. ऑक्टोबरांत मेदिनीपुरास वादळानें झोडपलें. लष्करासाठीं खरेदी चालूंच होती, साठेबाजांस रान मोकळें होतें, एका प्रांताचें धान्य दुसऱ्यास मिळेना, आणि लंडनच्या युद्धमंत्रिमंडळाकडे जहाजें मागावीं तर मागितलें त्याचा तुकडाच हातीं पडे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळांत पंधरा लाख माणसें मेलीं असें सरकारनेंच नेमलेल्या चौकशीमंडळानें लिहिलें. पुढच्या अभ्यासकांनीं तो आंकडा तीस लाखांपर्यंत नेला आहे. कलकत्त्याच्या स्टेट्समन या इंग्रजी मालकीच्या पत्रानें त्या वर्षींच्या ऑगस्टांत रस्त्यांत पडलेल्या भुकेल्यांचीं छायाचित्रें छापलीं, तेव्हां कोठें जगाचे डोळे उघडले. आमच्या व्यवसायांतील ज्या थोड्या धाडसांपुढें आम्ही विनम्र होतों, त्यांत हें एक आहे.

आमची कसोटी पुन्हां लावून पाहा. ज्यांत गेलेलें पुन्हां भरून आलें नाहीं ती कलाटणी. बंगालमध्यें गेलें काय? माणसें तर गेलींच. आणि साम्राज्य निदान दोन वेळच्या भाकरीची हमी देतें, ही जी भाबडी समजूत कांहीं लोकांच्या मनांत शिल्लक होती तीही गेली. ती परत आली नाहीं.

पुढच्याच वर्षीं युद्ध आमच्या दारांत आलें. मुतागुचीच्या सुमारें ८५ हजार फौजेनें मार्च १९४४ मध्यें इंफाळ व कोहिमा यांवर चाल केली. तीन आठवड्यांचा शिधा पाठीवर, कांहीं गुरें बरोबर हांकलेलीं, आणि पुढचें सर्व इंग्रजांच्या गोदामांतून लुटून खावयाचें, असा त्याचा बेत होता. पानिपतच्या वाचकास पुढचें सांगावयास नको. शांगशक येथें मार्चअखेर छत्रीधारी ब्रिगेडीबरोबर मराठा पलटणीनें त्यांस कांहीं दिवस अडवून धरलें, आणि ज्याला तीन आठवडेच खावयास आहे त्याच्या हिशेबांत ‘कांहीं दिवस’ म्हणजे फार मोठी रक्कम होते. कोहिम्यास डेप्युटी कमिशनरच्या बंगल्यांतील टेनिसच्या मैदानाच्या एका बाजूस हे आणि दुसऱ्या बाजूस ते, असा वेढा चालला. इंफाळला रसद विमानांनीं उतरत होती. स्टालिनग्राडला जें जमलें नाहीं तें येथें जमलें. जपानी सेनापति सातो यानें धान्य पाठवा म्हणून वारंवार कळवूनही धान्य आलें नाहीं, तेव्हां त्यानें हुकूम मोडून आपली डिव्हिजन मागें नेली. परतीच्या वाटेवर गोळीपेक्षां भुकेनें आणि रोगानें अधिक माणसें मेलीं. लंडनच्या राष्ट्रीय लष्करी संग्रहालयानें २०१३ मध्यें कौल घेतला, तेव्हां ब्रिटनची सर्वांत मोठी लढाई म्हणून इंफाळ-कोहिमाच निवडली गेली. लढणाऱ्यांत बहुसंख्य हिंदी होते; म्हणजे दुसऱ्याच्या नांवावर चढलेली ही आमची जमा आहे!

या सर्व धामधुमींतील एक दिवस आम्ही वेगळा काढून वाचकांपुढें ठेवतों. १४ एप्रिल १९४४. त्या दिवशीं कोहिम्याचा वेढा चालूं होता आणि आंतले हिंदी शिपाई घोट घोट पाणी पुरवीत होते. त्याच दिवशीं मणिपुरांतील मोइरांग येथें आझाद हिंद फौजेनें तिरंगा उभारला. तेथेंही शिपाई हिंदीच होते. आणि त्याच दिवशीं दुपारीं चारच्या सुमारास मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकिन’ हें जहाज फुटलें. सुमारें चौदाशें टन दारूगोळा, कापसाच्या गांठी आणि सोन्याच्या विटा एकाच जहाजांत भरलेल्या. आग लागली ती कापसास. सातशेंहून अधिक माणसें मेलीं, त्यांत अग्निशामक दलाचे साठांहून अधिक जवान होते. गोदामांतील धान्याच्या राशी जळाल्या. सोन्याच्या विटा दूरवर उडून लोकांच्या घरांत पडल्या ही आठवण मुंबईकर मोठ्या हौसेनें सांगतात; धान्याची आठवण सहसा कोणी काढीत नाहीं. त्या एका दिवशीं एक हिंदी माणूस राजाच्या बाजूनें लढत होता, एक राजाविरुद्ध लढत होता, आणि एक आपल्या शहरांत निव्वळ कामावर गेला होता. तिघांपैकीं कोणासही या युद्धाबद्दल कधीं विचारलेलें नव्हतें.

येथें कोणी उतावळा देशभक्त म्हणेल कीं मग जपान जिंकला असता तर बरें झालें असतें. आम्ही तें मान्य करीत नाहीं. मार्च १९४२ पासून अंदमान बेटें जपान्यांच्या ताब्यांत होतीं, आणि तेथल्या हिंदी रहिवाशांस हेर ठरवून कसें छळलें व मारलें गेलें तें ज्यानें वाचलें आहे, त्याच्या तोंडून हें वाक्य निघणार नाहीं. कुलाबा जिल्ह्यांतले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजीं इटलींत एकटे शत्रूच्या मशिनगनवर धांवून गेले आणि तेथेंच पडले. नगर जिल्ह्यांतले शिपाई नामदेव जाधव यांनीं ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनियो नदीच्या कांठीं जखमी सोबत्यांस गोळ्यांच्या माऱ्यांतून वाहून आणलें. दोघांसही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नाझींशीं लढणें योग्य होतें. तो निर्णय घेण्याचा हक्क मात्र आमचा होता, आणि तो आमच्यापासून हिरावलेला होता; तक्रार आहे ती एवढीच, आणि ती लहान नाहीं.

ही तक्रार कायद्याच्या भाषेंत प्रथम लाल किल्ल्यांत मांडली गेली. नोव्हेंबर १९४५ मध्यें शाहनवाज खान, सहगल व धिल्लन या तिघां अधिकाऱ्यांवर राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा खटला सुरू झाला. मुंबईचे भुलाभाई देसाई प्रकृति खचलेली असतां उभे राहिले आणि गुलाम राष्ट्रास आपल्या मुक्ततेसाठीं युद्ध करण्याचा हक्क आंतरराष्ट्रीय कायद्यानें आहे, असें त्यांनीं प्रतिपादन केलें. न्यायालयानें जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली. सरसेनापति ऑकिन्लेक यांनीं जानेवारी १९४६ मध्यें ती माफ केली. ज्या सैन्याच्या बळावर शिक्षा अमलांत आणावयाची तें सैन्यच काय म्हणेल, याची धास्ती त्यांस होती. धास्ती खोटी नव्हती. १८ फेब्रुवारी रोजीं मुंबईस ‘तलवार’ या ठाण्यावरील नौसैनिकांनीं बंड केलें. त्यांच्या अनेक गाऱ्हाण्यांत तात्कालिक गाऱ्हाणें होतें निकृष्ट जेवणाचें. सिंहासनें तत्त्वांनीं हालतात हें खरें असेल. परंतु धक्का पुष्कळदां ताटांतून बसतो!

म्हणून शिक्षणखात्यास आमची मागणी आहे. स्टालिनग्राड ज्या पानावर शिकवितां त्याच्या समोरच्या पानावर १९४३ चा बंगाल असूं द्या. मिडवेशेजारीं कोहिमा असूं द्या. आणि मुंबईच्या मुलांस १४ एप्रिल १९४४ ही तारीख केवळ आगीची म्हणून सांगूं नका. सेनापतींचीं नांवें चार कमी पाठ झालीं तरी चालेल. पण तेल कोठून येत होतें, धान्य कोठें जात होतें, आणि विचारलें कोणास होतें, हे तीन प्रश्न प्रत्येक लढाईपुढें लिहिण्याची संवय मुलांस लागली पाहिजे.

आणि एक काम खात्याची वाट न पाहतां आमच्या वाचकांनीं स्वतः करावयाचें आहे. त्या युद्धांत गेलेल्या पिढींतील फारच थोडीं माणसें आतां हयात असतील. पण सातारा, रत्नागिरी, रायगड (पूर्वींचा कुलाबा), अहिल्यानगर (पूर्वींचें नगर) या जिल्ह्यांतील कित्येक घरांत पत्र्याच्या पेटीच्या तळाशीं पलटणीचा एखादा कागद, एखादें बिल्ल्याचें फडकें, मनीऑर्डरीचा एखादा तुकडा अजून पडून असेल. तो वाळवीनें खाण्यापूर्वीं त्याची नक्कल करून गांवच्या वाचनालयांत ठेवावी. शिपायाचें नांव, गांव, पलटण, कोणत्या मुलखांत गेला, परत आला कीं नाहीं, आणि महिन्यास घरीं किती रुपये येत होते, एवढे रकाने पुरे आहेत. शेवटचा रकाना कोणी गाळूं नये.